कुसळाची राखण

दसऱ्यानंतर माळावरून फिरून आलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या मोज्यांकडे बघावं. घोट्यापासून नडगीपर्यंत तपकिरी, टोकदार काड्या रुतलेल्या असतात, आणि एकेक उपटताना तो जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं. सगळ्या काढल्या म्हणावं तर घरी पोचल्यावर पायजम्याच्या शिवणीत दोन सापडतात आणि कपडे धुऊन झाल्यावर तिसरी टॉवेलमधून निघते. ही सगळी कुसळी या गवताची करणी, त्या काड्या म्हणजे तिची कुसळं. वनस्पतिशास्त्रात तिला हेटेरोपोगॉन कंटॉर्टस म्हणतात. मेंढपाळ तिला जे म्हणतात तेही इथे लिहिण्यासारखं नाही.

आपली कुसळाशी पहिली ओळख बहुधा म्हणीतच होते, दुसऱ्याच्या डोळ्यात हमखास दिसतं ते. खऱ्या कुसळाची गाठ पडायला माळ तुडवावा लागतो. पुण्याहून पूर्वेला निघालं की दौंड, सुपे, बारामती, इंदापूर, आणि तिथून पुढे एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला कर्जत, असा हा दख्खनचा उघडा मुलूख पसरत जातो. सगळा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. वीतभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा कातळ. इथे जे उगवतं ते हौसेनं उगवत नाही.

गवतं मात्र इथे नाना तऱ्हेची आहेत. पवन्या, डोंगरी, मारवेल, कुंदा, रोशा. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी भारतातल्या गवताळ भागांची पाच गटांत मांडणी केली. तिच्यात आपला जवळजवळ सगळा द्वीपकल्पी भाग ज्या गटात पडतो त्याला पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या प्रजातींचं नाव आहे. कुसळीला तो मान नाही. ती मधल्या फळीतली. पवन्या हा कुरणाचा खरा मानकरी. चराई वाढली, वरचेवर वणवे लागायला लागले की तो मागे सरतो आणि त्याच्या जागी कुसळी येते. त्याहून ताण वाढला तर कुसळीही टिकत नाही. मग एका पावसापुरती जगणारी हलकी गवतं येतात, तरवड येतो आणि शेवटी नुसता मुरूम उरतो. म्हणून जाणकार माणूस एखाद्या उतारावर कुसळी बघतो तेव्हा एकीकडे हळहळतो आणि दुसरीकडे हुश्श करतो. पवन्या गेला हे वाईट झालं. अजून कुसळी आहे, म्हणजे सगळं गेलेलं नाही.

मला हे गवत आवडतं. असं म्हटलं की लोक हसतात, पण ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य कलताना कुसळीचा उतार एकदा बघावा. पावसाळ्यातला निळसर हिरवा रंग उतरून पात्यांवर तांबूस छटा चढलेली असते, आणि वर काळपट कुसळांचे झुबके एकमेकांत गुंतून वाकलेले असतात. वारा आला की सगळा उतार एकदम एका बाजूला कलतो. सुंदर आहे म्हणून काही गवत जपायचं नसतं, हे मान्य. पण आधी बघायला तर हवं.

दुष्काळ सोसायची तिची रीत साधी आहे. कुसळी बहुवर्षायू, आणि ठोंबानं वाढणारी. पाती वाळली, गुरांनी ओरबाडली, वणव्यानं जाळली, तरी बुडाशी जमिनीलगत असलेले कोंब शाबूत राहतात. पाऊस नसला तर ती वाढायचा हट्टच करत नाही. पानं सोडून देते आणि बुडात जीव धरून बसते. प्रकाशसंश्लेषणाची तिची पद्धत ज्वारी-बाजरीचीच, शास्त्रज्ञ जिला सी-४ म्हणतात ती. कडक उन्हात, थोडक्या पाण्यात जास्त काम उरकणारी ही पद्धत आहे. ऊसही याच पद्धतीचा, हे ऐकून मला मजा वाटली होती. एकाच तालुक्यात कालव्याच्या एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला माळावर कुसळी. यंत्रणा तीच आणि पाण्याची भूक केवढी वेगळी! चारा छावण्या लागण्याजोग्या वर्षानंतरही पहिल्या दोन चांगल्या पावसांत कुसळीच्या ठोंबातून हिरवं पातं वर येतं, आणि कोवळं असेपर्यंत गुरं ते आवडीनं खातात. तिच्याबद्दलची तक्रार सगळी पुढची, फुलोऱ्यानंतरची.

आता त्या कुसळाबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

एक पिकलेलं कुसळ घ्यावं. खालच्या टोकाला बी असतं, आणि त्याचं अणकुचीदार टोक सुईइतकं तीक्ष्ण. टोकाला मागे वळलेले ताठ केस असतात, म्हणजे आत जाताना ते अंगाशी मिटतात आणि बाहेर येताना अडतात. बियाच्या वर बोटभर लांबीची काडी. तिचा खालचा भाग पीळ घातलेला आणि वरचा भाग कोपरासारखा वाकलेला. आता हे तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. क्षणभर काही होत नाही. मग काडी हलायला लागते. पीळ सुटतो, वाकडं टोक हळूहळू गोल फिरतं. पहिल्यांदा बघणारी माणसं हात झटकतात, कारण ते जिवंत किड्यासारखं वाटतं. सुकलं की तेच उलट्या दिशेनं, पीळ पुन्हा भरतो.

यात जिवंत काहीही नाही. काडीच्या पेशींच्या भिंतींत तंतूंची मांडणी अशी तिरकी असते की ओल शोषली की त्या एका बाजूला जास्त फुगतात आणि पीळ सुटतो, सुकल्या की सगळी काडी पुन्हा पिळली जाते. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन यानं १८७६ मध्ये अशाच एका युरोपीय गवताच्या कुसळाचा अभ्यास करून बी स्वतःला जमिनीत कसं पुरतं ते दाखवून दिलं होतं. कुसळीचं कामही त्याच चालीवर होतं. बी जमिनीवर पडतं, काडीचं वाकडं टोक शेजारच्या ठोंबाला किंवा खड्याला अडकतं. रात्री दव पडतं, पीळ सुटतो. टोक अडकलेलं असल्यामुळे फिरायची पाळी बियावर येते. सकाळी ऊन चढतं, पीळ भरतो, बी पुन्हा फिरतं. सुताराचं गिरमिट कुणी रात्रंदिवस थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवत राहावं तसं ते मुरमात उतरतं. मागे वळलेले केस त्याला वर येऊ देत नाहीत. परतीच्या पावसाच्या चार सरी आणि कार्तिकातलं दव एवढ्यात काम बरंचसं उरकतं.

आणि मग ते बी काय करतं? काहीच नाही. पडून राहतं. कुसळीचं ताजं बी लगेच रुजत नाही, त्याला कित्येक महिने सुप्तावस्था असते. हे मला कुसळाच्या यंत्रापेक्षाही हुशारीचं वाटतं. ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाला भुलून उगवलेलं रोप फेब्रुवारीत मरणार हे ठरलेलं. कुसळीचं बी त्या पावसाचा उपयोग फक्त जमिनीत शिरायला करून घेतं आणि रुजण्यासाठी मृगाची वाट बघतं. भरीला आणखी एक गोष्ट. तिचं बी बहुतांशी फलनाशिवायच तयार होतं, म्हणजे लेक हुबेहूब आईच. वाईट वर्षात शेजारी कुणी उरलं नाही, तरी तिचं अडत नाही.

वणव्याचंही तसंच. आग गवतावरून झपाट्यानं जाते, वरचं सगळं काळं होतं, पण मातीत पुरलेल्या बियापर्यंत धग फारशी पोचत नाही. जळलेल्या जमिनीवर पहिल्या पावसात कुसळी जोरात येते ती यामुळे. 'जाळल्याशिवाय चांगलं गवत येत नाही' असं गावोगाव सांगतात त्याचं मूळ यातच असावं. येतं ते खरं, पण येते कुसळी. पवन्याला दरवर्षीची आग मानवत नाही. जमिनीवरची अंडी, सरडे, पिसाट उडालेले नाकतोडे यांचं काय होतं ते तर कुणी मोजतच नाही.

कुसळ असं का, हे मला कळलं होतं. त्याचा माळावरच्या बाकीच्या जिवांशी काय संबंध, हे सुचलं एका मेंढपाळ मामांशी बोलताना. आमच्याकडचे बरेच धनगरवाडे दिवाळीनंतर घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन घाट उतरतात, कोकणाकडे. हे मामा गावातच राहणारे, त्यांची मेंढरं थोडीच. नोव्हेंबरातली दुपार होती. खालच्या ओघळीत मेंढ्या खुरटलेल्या हरळीला तोंडं लावत होत्या, आणि वर सगळा उतार कमरेएवढ्या कुसळीनं भरलेला.

"मामा, एवढं गवत सोडून खाली का चारताय?"

"कुसाळ पिकलंय ताई." त्यांनी एका मेंढीला जवळ ओढलं, मानेवरची लोकर दोन्ही हातांनी फाकवली आणि आत रुतलेलं एक टोक दाखवलं. "लोकरीत घुसतं, मग कातड्यात. पू धरतो. कुत्र्याच्या पंजात जातं, डोळ्यात जातं. ते झडूंस्तवर तिकडं जायाचं नाही."

"झडतं कधी?"

"पुसात बघू. तवर त्याचं त्याला ऱ्हाऊ द्या."

त्याचं त्याला राहू द्या. मी त्या उताराकडे नव्यानं बघितलं. वर्षभर ज्या माळावर दिवसाचा एक तास रिकामा जात नाही, शेळ्या, मेंढ्या, गुरं, सरपणाला आलेल्या बाया, क्रिकेट खेळणारी पोरं, तिथे पीक पिकल्यापासून थंडी मुरेपर्यंतचे हे काही आठवडे कुसळ पहारा देतं. ना चराईबंदीचा ठराव, ना तारेचं कुंपण, ना राखणदार. ज्या गुणामुळे हे गवत सगळ्यांना नको असतं, त्याच गुणामुळे ऐन हिवाळ्यात ते उभं राहतं. हे माझं म्हणणं आहे, कुणी मोजून सिद्ध केलेलं नाही. पण मेंढ्या आणि कुसळी यांचं वैर जगभर आहे. हीच कुसळी आफ्रिकेत आहे, अमेरिकेच्या ॲरिझोनात आहे, हवाईत तिच्यानं घरं शाकारत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनारी पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात मेंढ्या मागे पडून गुरं आली, त्याला बाकी कारणांबरोबर हे गवतही कारण झालं. काळवीट-चिंकाऱ्याचे आखूड, गुळगुळीत केस मात्र लोकरीइतकं कुसळ धरून ठेवत नाहीत.

या पहाऱ्याचा पहिला फायदा घेतात ते भोवत्ये. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून, पार कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांतून आपल्याकडे येतात. घारीसारखे उंच घिरट्या घालत नाहीत. गवताच्या शेंड्यांवरून, पंख किंचित वर धरून, डोलत डोलत जातात, मध्येच कलंडून खाली झेपावतात. इथे त्यांचा भर नाकतोड्यांवर. दिवसभर कुणी कुठे, कुणी कुठे, आणि संध्याकाळ झाली की एकेक करून एकाच ठिकाणी जमतात. झोपायला ते झाडावर जात नाहीत. उंच गवतात, जमिनीवर झोपतात, दहा-वीस, कुठे शेकड्यांनी. गुजरातेतल्या भावनगरजवळचं वेळावदर या मुक्कामांसाठी जगभर ओळखलं जातं. आपल्याकडचे मुक्काम लहान आहेत, पण अट तीच: नोव्हेंबर ते मार्च गवत उभं हवं, आणि रात्री त्यात कुणी शिरता कामा नये. कझाकस्तानातून इतकं अंतर उडून आलेल्या पक्ष्याला शेवटी हवं काय, तर न कापलेलं, न जाळलेलं, न चरलेलं गवत. आपल्याकडे असं गवत हिवाळ्यात कुठे राहतं? जिथे ते कुणाला नको असतं तिथे.

लोकांना वाटतं गवत जितकं दाट तितकं चांगलं. लॉनची सवय, दुसरं काय. कुसळी ठोंबानं वाढते म्हणजे दोन ठोंबांच्या मध्ये उघडी जमीन राहते, आणि माळावरच्या निम्म्या संसाराचा पत्ता ती उघडी जमीन आहे. तित्तिराची पिल्लं त्या बोळांतून पळतात, वरून पाती झुकलेली असल्यामुळे शिकऱ्याला दिसत नाहीत. चंडोल जमिनीवरच घरटं करतो, बऱ्याचदा ठोंबाच्या बुडाशी, जनावराच्या खुराच्या खळग्यातही. उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा जातो तेव्हा त्या अंड्यांवर पडणारी सावली म्हणजे गेल्या वर्षीच्या कुसळीचा वाळका झुपका. पखुर्डी त्याच मोकळ्या जागेत बिया टिपत हिंडते. तिचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवतो आणि ती ओल पिल्लांपर्यंत वाहून नेतो, हे वाचलं होतं. पाणवठ्याच्या काठाला पोट घासत बसलेला नर प्रत्यक्ष दिसला तेव्हा मात्र तो नक्की काय करतोय हे उमजायला मला थोडा वेळ लागला. धाविकाला आणखी उघडं हवं, तो कुसळीच्या कडेनं मुरमावर पळतो. लाव्हे आणि बटेर मात्र आत, दाटीत.

म्हणजे माळ सगळा एकसारखा असून भागत नाही. इथे उंच, तिथे खुरटं, मध्ये उघडं, असाच तो चांगला. काळविटाला चरायला आणि नजर टाकायला आखूड गवत लागतं, पण मादी पाडस लपवते ते उंच गवतात. जन्मल्यावर पहिले काही दिवस ते पाडस आईमागे पळत नाही, नुसतं अंग चोरून पडून राहतं. कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० पासून काळविटांसाठी अभयारण्य आहे, क्षेत्र अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आत. सुप्याजवळचं मयूरेश्वर चिंकाऱ्यासाठी, तेही पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. मोठ्या जनावरांसाठी राखलेली ही क्षेत्रं एका मोठ्या गावाच्या शिवाराएवढी नाहीत. बाकीची काळविटं, चिंकारे, आणि त्यांच्या मागचे लांडगे, सगळे गायरानात, वनखात्याच्या विखुरलेल्या तुकड्यांत आणि शेतांच्या बांधांवर निभावून नेतात. लांडग्याला दिवसा अंग टाकायला जागा लागते. ज्या उतारावर मेंढ्या जात नाहीत, तिथे माणूसही जात नाही. हे त्याला बरोबर कळतं.

खोकडाचं वेगळं. मांजरापेक्षा थोडा मोठा, शेपटीच्या काळ्या टोकाचा हा छोटा कोल्हा नाकतोडे, वाळवी, उंदीर, बोरं, मिळेल ते खातो. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात खोकडांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास झाला, त्यात त्यांचा ओढा मोकळ्या गवताळ जमिनीकडे दिसला. लावलेल्या झाडांच्या पट्ट्यांत त्यांना रस नव्हता. याच नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी झालं. माळढोक आता देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत आणि नान्नजला त्याचं दर्शन ही बातमी होते. माळढोकाच्याच भावकीतल्या छोट्या पक्ष्याची, तणमोराची, अवस्था तितकीच बिकट. पावसाळ्यात गवतातून उभाच्या उभा वर उसळणारा तो नर अकोला-वाशिमकडे अजून कुणाकुणाला दिसतो. तिथे फासेपारधी समाजातली माणसं त्याच्या राखणीत उतरली आहेत. एके काळी फास लावणारे हात आज त्याची घरटी सांभाळतात, यापेक्षा जाणकार राखणदार कुठून आणणार?

वाळवीबद्दल कुणी चांगलं बोलत नाही, पण कुसळीच्या वाळल्या काड्यांचा निकाल तीच लावते आणि मग तिच्यावर खोकडापासून सरड्यापर्यंत सगळे पोसतात. दाणे वेचणाऱ्या मुंग्यांच्या वारुळाभोवती टरफलांचं एक कडं दिसतं, हिवाळ्यात त्यात मोडक्या कुसळांचाही थर असतो. आत गेलेलं बी आणि बाहेर फेकलेली हत्यारं. यांची यादी करत बसलं तर लेख संपणार नाही.

आता दुसरी बाजू. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा' लिहितात, सरकारी नकाशात 'पडीक'. इंग्रजांनी महसुलाच्या हिशेबानं लावलेली ती पाटी आपण जपून ठेवली आहे. देशाच्या भूभागाचा सुमारे १० टक्के हिस्सा असा उघडा नैसर्गिक आहे, गवताळ, काटेरी, खडकाळ, आणि त्यातला ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. बाकीच्यावर सगळ्यांचा डोळा. मुरूम उपसा, प्लॉटिंग, सौर प्रकल्प, पाणी पोचलं की ऊस. या सगळ्यांशी भांडता येतं, कारण त्यांचा हेतू उघड असतो. भांडता येत नाही ते झाडं लावणाऱ्यांशी.

पावसाळ्याच्या तोंडावर उतारावर जेसीबी येतो. सलग समतल चर खणले जातात. एकेका चरानं शेकडो ठोंब मुळासकट उलटतात, वर आलेल्या मुरमावर गाजरगवत पहिलं येतं. मग गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुनिंब यांची रोपं, शाळेतली मुलं, फोटो. यातली बरीच झाडं उन्हाळ्यात मरतात. खरं नुकसान जगतात त्यांच्यामुळे होतं. कुसळी ही उन्हाची लेक, दाट सावलीत ती हटते. झाडांवर कावळे, शिकरे बसायला लागतात आणि जमिनीवरच्या घरट्यांची तपासणी सुरू होते. भोवत्ये मुक्काम हलवतात. मला झाडांचं वावडं नाही. माळावर हिवर आहे, बोर आहे, ओघळीकडेला बाभूळ आहे, आणि ती हवीतच. विरळ. माळाची झाडं मोजायची असतील तर एका हाताची बोटं पुरावीत, इतकी.

'पण झाडं कार्बन धरतात' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते येण्याआधी मी चहा मागवते. गवतही धरतं, फक्त ते दाखवायला जमत नाही, कारण त्याचा मोठा वाटा मुळांत आणि मातीत असतो. वणवा आला तर झाड जळून वर जातं. मातीतला कार्बन बराचसा जागच्या जागी राहतो. पाचशे मिलिमीटर पावसाच्या, दरवर्षी आग बघणाऱ्या मुलखात यातलं कुठलं खातं भरवशाचं, हा हिशेब अवघड नाही.

अलीकडे हवा थोडी बदलते आहे, हेही लिहिलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालक यांच्या नावानं जाहीर केलं. बारामती-इंदापूरकडे वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, लांडगा बघायला पुण्या-मुंबईची माणसं पैसे भरून येतात. त्यातले काही जण दिवाळीनंतर येतात आणि मोज्यांची तक्रार करत परत जातात. त्यांना आधी कुणी सांगत नाही की गम बूट घाला.

गवत पुन्हा लावण्याचेही प्रयत्न होत आहेत, आणि तिथे कुसळ परत आडवं येतं. पवन्या, मारवेल, डोंगरी यांचं बी गोळा करणं त्यामानानं सोपं. कुसळीचं बी पोत्यात भरलं की सगळं एकमेकांत गुंतून एक गोळा होतो, आणि पोतं उचलणाऱ्याच्या मांडीत शिरतो. कुसळं मोडून बी साफ केलं तर हाताळायला सोयीचं, पण मग जमिनीत शिरायचं हत्यारच गेलं. ते माणसानं मातीआड करावं लागतं. न मोडता पसरलं तर ते आपलं आपण उतरतं, पण पसरणाऱ्याचे हाल. जिथे जुने ठोंब अजून जिवंत आहेत तिथे मी तरी म्हणेन काही पेरूच नका, दोन-तीन पावसाळे चराईला आळीपाळीनं सुट्टी द्या, भोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून साफ केलेला पट्टा, काढा आणि थांबा. आधी कुसळी दाटते. मग तिच्या ठोंबांच्या आडोशाला, कुठे बी शिल्लक असेल तर, डोंगरी दिसते, पवन्या दिसतो. कुसळी तेव्हा हळूहळू जागा सोडते. तिला वर चढायचं नसतंच.

आमच्या भागातल्या एका उतारावरून यंदा असाच वाद झाला. अर्ध्या उतारावर चर खणून झाले होते, उरलेल्या अर्ध्यासाठी रोपं येऊन पडली होती. ग्रामसभेत मी बोलले, एक-दोन तरुण बोलले, कुणाला पटलं नाही. मग मेंढपाळ मामा उठले आणि म्हणाले, झाडं लावली की पाच वर्षं चराई बंद म्हणता, कुसाळ तर दोन म्हैनेच बंद ठेवतं. मला कुसाळ परवडतं. लोक हसले. रोपं शाळेच्या आणि स्मशानाच्या आवारात लावायचं ठरलं, आणि उरलेल्या उताराचं पुढच्या वर्षी बघू म्हणून विषय इतिवृत्तात गेला.